ट्यूब संपते, गजकर्ण संपत नाही

पत्र :

डॉक्टरताई, मी परभणी जिल्ह्यातली, वय २४. पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करते. खोलीत आम्ही पाच जणी आहोत. गेल्या पावसाळ्यात मला जांघेत आणि कमरेला गजकर्ण झालं. रूममेटने तिची ट्यूब दिली, दोन-तीन दिवसांत खाज गेली. मग परत आलं. मेडिकलवाल्याने दुसरी ट्यूब दिली आणि आठवड्याला एक अशा चार गोळ्या दिल्या. वर्षभर हेच चाललंय. आता चट्टे मांड्यांवर आणि छातीखाली पसरलेत, मांडीच्या आतल्या बाजूला लालसर-जांभळ्या रेषाही दिसतात. दिवाळीत घरी गेले, त्यानंतर आईलाही झालं. तिला शुगर आहे. मी माझ्याच गोळ्या तिला पाठवल्या. आई म्हणते, रक्त बिघडलंय, वांगं-लोणचं बंद कर, टाकळ्याच्या बिया ताकात वाटून लाव आणि कुणाला सांगू नकोस, घरी स्थळं बघणं चालू आहे. हे आता कायमचं आहे का? काळ्या बुरशीसारखं आत पसरेल का? मी पीएसआयच्या ग्राउंडची तयारी करतेय, धावणं बंद करू का? कृपया नाव छापू नका.

उत्तर :

ज्या गोष्टीला तू अर्धंच वाक्य दिलं आहेस, तिथूनच सुरुवात करते. मांडीच्या आतल्या त्या लालसर-जांभळ्या रेषा गजकर्णाच्या नाहीत, त्या ट्यूबच्या आहेत. जांघेतली कातडी मुळात पातळ असते. तिथे तीव्र स्टेरॉइड महिनोन् महिने लावलं की ती आणखी पातळ होते, आतून ताण पडून फाटते आणि अशा रेषा उमटतात. त्यांचा लालपणा काही महिन्यांनी ओसरून त्या पांढरट होतील, पण पूर्ण पुसल्या जाणार नाहीत. हे वाचून तुला वाईट वाटेल. तरी सांगते, कारण नव्या रेषा थांबवणं तुझ्या हातात आहे आणि ते आजच करायचं आहे.

दोन्ही ट्यूब घे आणि मागे बारीक अक्षरांत छापलेली औषधांची नावं वाच. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असेल तर ती ट्यूब स्टेरॉइडची आहे. सोबत बुरशीचं एखादं औषध आणि जिवाणूंची एक-दोन औषधंही त्यात घातलेली असतील. क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल ही नावं कानाला सारखी लागतात, पण दुसरं बुरशीचं औषध आहे आणि पहिलं त्वचेवर लावायच्या सगळ्यांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. फोटो काढून मोठा करून वाच, घाई करू नकोस.

खाज येते ती आपल्या शरीराने बुरशीविरुद्ध उठवलेल्या लढ्यामुळे. लाली, सूज, आग ही सगळी त्या लढ्याचीच चिन्हं. स्टेरॉइड हा लढाच दाबून टाकतं. चोर आला म्हणून कुत्रा भुंकतोय आणि आपण कुत्र्याला झोपेचं औषध दिलं, तसं होतं. दोन दिवसांत सगळं शांत होतं, आपण म्हणतो ट्यूब गुणकारी आहे. बुरशी मात्र विनाअडथळा पसरत असते. ट्यूब थांबवली की शरीर जागं होतं आणि तोवर वाढलेल्या बुरशीवर दुप्पट जोराने तुटून पडतं. मग खाज आधीपेक्षा जास्त, म्हणून पुन्हा ट्यूब. वर्षभर तू याच फेऱ्यात आहेस. स्टेरॉइड लागल्यावर चट्ट्याचं रूपही बदलतं. गोल, उंच कडेची, मध्ये साफ होत गेलेली ओळखीची चकती राहत नाही, कडा पुसट होतात, चकतीत चकती उठते. त्यामुळे नवख्या डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. तरीही ती काउंटरवरून सहज हातात पडतात, याचा मला मनापासून राग येतो. तुझ्यासारख्या मुली त्यात होरपळतात. तुझ्या रूममेटचा यात दोष नाही. तिलाही कुणीतरी अशीच दिली असणार.

ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढेल. खाज उसळेल, जागा लाल होईल. बरेच जण इथेच कच खातात आणि पुन्हा तीच ट्यूब आणतात. म्हणून नुसती बंद करून बसू नकोस. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, वर्षभर काय लावलं ते सांग, म्हणजे खाजेसाठी गोळी आणि खरं औषध एकदमच सुरू होईल. पैशांची अडचण असेल तर ससूनला त्वचारोग विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, रांगेत अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचं. दोन्ही ट्यूब आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ने. जागा दाखवायला संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागून घे, तो तुझा हक्क आहे. न दाखवता नुसतं तोंडी सांगून औषध मात्र घेऊ नकोस.

तिथे बहुधा चट्ट्याच्या कडेची थोडी कातडी खरवडून काचेवर घेतील, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. बुरशीचे धागे तिथल्या तिथे दिसतात. दुखत नाही, खर्चही फारसा नाही. तपासणीच्या आधी काही दिवस मलम लावलेलं नसेल तर निदान जास्त खात्रीचं होतं.

आता गोळ्या. आठवड्याला एक घ्यायची गोळी फ्लुकोनाझोलची असणार, १५० मिलिग्रॅमची. योनिमार्गातल्या कँडिडा या वेगळ्या बुरशीच्या संसर्गाला ती एक गोळीही बऱ्याचदा पुरते. तुझ्याएवढ्या पसरलेल्या गजकर्णाला अशा चार गोळ्या म्हणजे काहीच नाही. आपल्याकडचं गजकर्णही गेल्या दहा-बारा वर्षांत बदललं आहे. पूर्वी टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध पंधरा दिवस घेतलं की बहुतेकांचं जायचं. बुरशीच्या पेशीचं आवरण एर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्यावर उभं असतं. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणूनच आपल्याला फारशी इजा न करता बुरशीला मारणारी औषधं बनवता आली. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवतं, इट्राकोनाझोल पुढची दुसरी. पण भारतात पसरलेल्या एका बुरशीच्या जनुकात असा बदल झाला आहे की टर्बिनाफिन तिला नीट पकडूच शकत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून गेलेल्या रुग्णांमध्ये ती वेगळी ओळखून तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव दिलं. आता ती इतर अनेक देशांतही सापडते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर चार औषधं ताडून पाहिली होती. आठ आठवड्यांनी इट्राकोनाझोल घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश बरे झाले होते. टर्बिनाफिनवाल्यांत हे प्रमाण पावाहून थोडंच जास्त होतं आणि जुन्या ग्रिसिओफुल्विनचं त्याहूनही कमी. म्हणून आज बरेच डॉक्टर इट्राकोनाझोलपासून सुरुवात करतात. याचा अर्थ तू जाऊन ते स्वतःच विकत घ्यावंस असा नाही. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना ते जपून द्यावं लागतं किंवा देताच येत नाही, गरोदरपणात चालत नाही आणि लांबवर घ्यायचं असेल तर मधे रक्ताची तपासणी लागते.

डॉक्टरांनी ते दिलंच तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, मेसचं जेवण झाल्या झाल्या. पोटात आम्ल असेल तरच ती नीट विरघळते. अभ्यासिकेत बसणाऱ्या तुम्हा मुलामुलींत सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय फार दिसते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा साधं अँटासिड, यांतलं काहीही सोबत असेल तर इट्राकोनाझोल रक्तात पुरेसं पोचत नाही. रुग्ण महिनाभर औषध घेतो आणि म्हणतो गुण नाही. तुला ही सवय असेल तर न विचारताच डॉक्टरांना सांग. कॅप्सूल एकाच कंपनीची घे, दर वेळी दुकानदार जे देईल ते नको. आतल्या बारीक दाण्यांचा दर्जा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो आणि औषध किती शोषलं जातं ते त्यावरच ठरतं.

किती दिवस? सहा ते आठ आठवडे आता नेहमीचे झाले आहेत. स्टेरॉइड लागलेल्या कातडीला त्याहून जास्तही लागतात. मलम चट्ट्याच्या कडेपासून बाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. सगळं साफ दिसायला लागल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचं. खाज गेली म्हणजे बरं झालं नाही, ती सगळ्यांत आधी जाते. उलट मागे राहणारे तपकिरी डाग म्हणजे रोग नव्हे. कोंडा उडायचा थांबला, कड हाताला लागेनाशी झाली की बुरशी गेली. डाग पुढे महिनोन् महिने राहून हळूहळू फिके होतात. त्यांच्यासाठी आणखी कुठली ट्यूब आणू नकोस.

आता आईबद्दल, आणि हे तातडीचं आहे. तिला फोन करून त्या गोळ्या आजच थांबवायला सांग. मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्यांत ग्लिमेपिराइड असतं. फ्लुकोनाझोल सोबत गेलं की ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ टिकतं आणि साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर-पाणी घ्यायचं आणि मग डॉक्टर गाठायचा, हेही सांगून ठेव. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी इट्राकोनाझोलचंही असंच जमत नाही, त्यातून स्नायूंना इजा होऊ शकते. काही ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसोबत ते घेतलं तर पायांवर सूज येते. आईने तिच्या रोजच्या सगळ्या पाकिटांसकट तिथल्या डॉक्टरांकडे जायचं. साखर आटोक्यात नसेल तर गजकर्णही हटायला जास्त वेळ घेतं, तेव्हा साखरेची तपासणीही त्याच खेपेला होऊ दे.

रक्त बिघडलेलं नाही. ही बुरशी बाहेरून येते, कातडी, केस आणि नखं ज्या केराटिनची बनलेली असतात त्यावर जगते, आणि मेलेल्या पेशींच्या सर्वांत वरच्या थरातच राहते. वांगं खाल्ल्याने ती वाढत नाही, लोणचं सोडल्याने मरत नाही. मेसच्या जेवणात आणखी काटछाट करू नकोस. टाकळ्याचं म्हणशील तर तो गजकर्णावरचा आपला फार जुना उपाय आहे, आईने तो आईपणाच्या मायेने सांगितला. पण स्टेरॉइडने सोललेल्या जांघेवर आंबट ताकातलं वाटण लावलं तर ती जागा भाजल्यासारखी होईल. लिंबू, लसूण, चुना यांनी झालेल्या जखमांवर तर वेगळे उपचार करावे लागतात. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी मिळाली तर आवडीने खा, अंगाला लावू नकोस.

काळ्या बुरशीची तुझी भीती समजते. २०२१ च्या करोनाच्या लाटेत पुण्याने ती जवळून पाहिली, ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाइकांनी शहर पालथं घातलं. तो आजार म्युकर जातीच्या बुरशींचा, साखर बेफाम वाढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांना होणारा. तो नाक-सायनसमधून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकतो आणि त्याला शस्त्रक्रियाही लागते. गजकर्णाची बुरशी त्या घराण्यातली नाही. ती आत उतरत नाही, तिच्याने जीव जात नाही आणि गजकर्णाची काळी बुरशी होत नाही. आईच्या बाबतीत एवढंच ध्यानात ठेव की साखर वाढलेली असताना चेहऱ्याची एक बाजू दुखून सुजली, नाकातून काळपट स्राव आला किंवा दुहेरी दिसू लागलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

थोडं अवांतर सांगते. बुरशीवर औषध शोधणं अवघड असतं, कारण जिवाणूंपेक्षा बुरशी आपल्याला नात्याने जास्त जवळची आहे. तिला मारायला गेलं की आपल्या पेशींनाही झळ बसते. त्यामुळे अशी औषधं जगात मोजकीच आहेत, आणि त्यांतलं एक तुझ्या खोलीपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर जन्मलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नावही पिंपरीवरून ठेवलं, स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. ते कँडिडावरचं औषध, गजकर्णाला त्याचा उपयोग नाही. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेस, म्हणून तुला ठाऊक असावं असं वाटलं.

खरी अडचण औषधापेक्षा खोलीत आहे. पाच जणी, एक बाथरूम, आणि पावसाळ्यात खोलीतच बांधलेल्या दोरीवर एकावर एक पडलेले ओले कपडे. गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यात या बुरशीचे बीजाणू असतात, ते कपड्यांत, चादरींत महिनोन् महिने टिकतात. तू एकटीने औषध घेतलंस आणि रूममेट तशीच राहिली, तर बरी होऊन महिन्याभरात पुन्हा तिथेच येशील. जिला जिला खाज आहे तिने एकाच वेळी उपचार घ्यायला हवेत. टॉवेल, साबण, कंगवा, लेगिंग्ज, पांघरूण आपापलं ठेवा. अंतर्वस्त्रं आणि टॉवेल गीझरच्या कडकडीत पाण्यात भिजवून धुवा, बाकीच्यांच्या कपड्यांबरोबर एका बादलीत नको. वाळत घालताना उलटे करून घाला. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, शिवणीवर आणि इलॅस्टिकच्या पट्टीवर नीट दाबून, बीजाणू तिथेच दडून बसतात. दमट कपडा अंगात घालू नकोस, एक वेळ जास्तीचे दोन सुती जोड घे. घट्ट जीन्स हे दोन महिने कपाटात राहू दे. जंतुनाशक साबणाने दिवसातून तीनदा घासणं बंद कर, त्याने कातडी आणखी तडकते.

रूममेटना सांगायचं कसं, हा तुझ्या पत्रात न विचारलेला पण मला दिसलेला प्रश्न. हे उत्तर छापून आलं की त्यांना वाचायला दे. पुण्यात या दिवसांत कुठल्याही त्वचेच्या ओपीडीत बसलीस तर निम्मी रांग याच कारणासाठी आलेली दिसेल, त्यात तुझ्या वयाची मुलं-मुली, रिक्षाचालक, आयटीतले, घरकाम करणाऱ्या मावशी, सगळे असतात. हा अस्वच्छतेचा आजार नाही. आणि स्थळांचं म्हणशील, तर आईला माझ्या वतीने सांग की हा आनुवंशिक आजार नाही, पूर्ण बरा होतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवल्यानेच तो तिच्यापर्यंत पोचला.

धावणं बंद करू नकोस. पहिले आठ-दहा दिवस जांघेत सोललेलं असेल तर तेवढे दिवस चालण्यावर आण, नंतर पूर्ववत सुरू कर. सिंथेटिक ट्रॅकपँटऐवजी सैल सुती पँट घाल. ग्राउंडवरून आलीस की चहाला बसायच्या आधी अंघोळ कर, जांघ आणि छातीखालची जागा स्वतंत्र कोरड्या पंचाने टिपून घे, पाच मिनिटं वाऱ्याला सुकू दे आणि मग मलम लाव. घामट कपडे पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवू नकोस, लगेच भिजव. औषध सुरू होऊन चार आठवडे झाले आणि तरीही नवे चट्टे येत असतील, तर दुकानात न जाता त्याच डॉक्टरांकडे परत जा. तेव्हा कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायची तपासणी, करून औषध बदलण्याचा निर्णय घेता येतो.